एडगारचा हात काय म्हणतो

मंगळवार, ३१ मार्च

प्रिय बाबा,

आधी नुसतं काय घडलं ते लिहिते. बाकीचं मागून.

१. नोव्हेंबरात कारखान्याने तुला नवं घड्याळ हातावर बांधायला दिलं. नाताळच्या आधी ते बंद पडलं. मी उघडलं, तपासलं. दोष सापडला नाही.
२. जानेवारीत ते पुन्हा बंद पडलं. पुन्हा उघडलं. दोष सापडला नाही.
३. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा बंद पडलं. या वेळी तुझं म्हणून जे तुला परत दिलं ते तुझं नव्हतं. त्याच जातीचं दुसरं होतं. तुझं मी माझ्या मनगटावर बांधलं.
४. तुझं घड्याळ माझ्या हातावर एकदाही थांबलं नाही. ते दुसरं तुझ्या हातावर थांबलं.
५. परवा रविवारी तू मला बसपर्यंत सोडायला आलास. बस सुटल्यावर मी मागच्या काचेतून बघत होते.
६. यातलं मी कारखान्यात कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

तिसऱ्या मुद्द्याला तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. ती राहू दे. हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू मला वर पठारावरची थंडी सांगतोस, मी तुला खाली गावातली, आणि मग तू फोन आईच्या हातात देतोस. जेवताना तर नाहीच नाही. आपल्या घरात जेवणाच्या टेबलावरचे विषय तीन: बर्फ, गाई आणि कारखाना. पानगळीत तू गाई विकल्यास, तेव्हापासून दोनच उरले. म्हणून पत्र. अर्धं वाचून तू लाकडं आणायला उठून गेलास तरी ते टेबलावर तुझी वाट बघत पडून राहील.

बेकरीच्या वरच्या माझ्या खोलीत, खिडकीपाशी बसून लिहितेय. खालच्या भट्टीची ऊब फरशीतून पावलांना लागते. बाहेर धुकं आहे. समोरचं चर्च सकाळपासून दिसलेलं नाही. घंटा वाजते तेव्हाच ते अजून तिथे आहे हे कळतं. रस्त्यावरची माणसं आधी आवाज होऊन येतात, मग सावली, मग माणूस. अशा दिवशी लहानपण आठवतं असं मी लिहिणार नव्हते. पण आठवतं.

आठवतं ते असं की तुझ्या डाव्या हातावर डोकं ठेवून मी झोपायचे आणि कानाखाली टिकटिक चालू असायची. मला ठाम वाटायचं की तो आवाज हाताचाच आहे. मोठ्या माणसांच्या हातांना आवाज असतो. आपण मोठे झालो की आपल्याही हाताला येईल. कधीकधी झोपेत तो आवाज मोठा व्हायचा. मग खोलीच्या भिंती, छपरावरचा बर्फ, गोठ्यातल्या गाईंचे श्वास, सगळं त्याच लयीत चालतंय असं वाटायचं, आणि त्या चालण्याच्या मधोमध तू आणि मी स्थिर. शाळेच्या पहिल्या हिवाळ्यात मी बाईंच्या मनगटाला कान लावला होता. त्यांनी विचारलं, "काय गं सोलेन, काय ऐकतेस?" मी म्हटलं, "बाई, तुमचा हात बंद पडलाय." ही गोष्ट तू अख्ख्या पठारावर सांगत फिरलास. दूध घालायला जमलेल्या बायका मला बघून आपापलं मनगट पुढे करायच्या, "ए डॉक्टरीणबाई, माझा चालतोय का बघ." मला त्याचा फार राग यायचा. अजून येतो, थोडा.

आणि ती चमक. तुला ती माहीत नाही, कारण ती तुला कधी दिसलीच नसेल. जंगलातून परत येताना तू पांढऱ्या शेतापलीकडे नुसता एक काळा ठिपका असायचास. पण चालताना तुझा डावा हात मागे-पुढे झुलायचा, तो पुढे आला की घड्याळाच्या काचेवर ऊन पडायचं. चमक. मग काही नाही. मग चमक. आई खिडकीतून तेवढं बघायची आणि सूप चुलीवर ठेवायची. पठारावर चालणारी माणसं पुष्कळ होती, पण त्या लयीची चमक एकच होती. मला तर बरीच वर्षं वाटायचं की बाबा आधी चमकतात आणि मग येतात.

कारखान्यात तुम्हा लोकांना "हात" म्हणतात हे मी बाहेरच्यांना सांगते तेव्हा ते हसतात. गेल्या आठवड्यात जाहिरातीसाठी राजधानीतून एक मुलगी आली होती. तिने विचारलं, "म्हणजे कामगार?" मी म्हटलं, "नाही, हात." मग सगळं सांगावं लागलं. कारखाना काढणारे पहिले ग्रांदिए हे शेतकरीच. हिवाळ्यात खिडकीपाशी बसून दुसऱ्यांच्या घड्याळांची चाकं घासायचे. त्यांचा भाऊ दलदलीत जळणाची माती कापायचा आणि दर मोसमात एक घड्याळ मोडून आणायचा. शेवटी वैतागून ते म्हणाले, "टेबलावर कुणाचंही चालतं. तुझ्या हातावर चालेल असं मी करतो." एवढाच आपल्या कारखान्याचा जन्म. तेव्हापासून प्रत्येक नवं घड्याळ विकायच्या आधी सहा हातांवर एक हिवाळा काढतं: तुझ्यासारख्या लाकूडतोड्याच्या, पाथरवटाच्या, बर्फावरून टपाल वाटणाऱ्या इर्मामावशीच्या. वसंतात कुरणात शेकोटी होते, कोबीच्या पानांत गुंडाळलेली सॉसेजं निखाऱ्यात पुरली जातात, आणि ती शिजेपर्यंत मालक एकेकाला विचारतात. कागद नाही, सही नाही. "एडगारचा हात काय म्हणतो?" आणि तू म्हणायचास, "हात म्हणतो, चालेल. पोट मात्र म्हणतंय, सॉसेज काढा." सहांपैकी एक हात जरी "नाही" म्हणाला, तरी ते घड्याळ दुकानात जात नाही. असं मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "किती गोड!" मी विषय बदलला.

तू "नाही" एकदाच म्हणालास, माझ्या जन्माच्या आधी. कुऱ्हाड धरली की घड्याळाची किल्ली मनगटात रुतायची. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "एवढ्याशा ओरखड्यासाठी?" आणि तू म्हणालास, "ओरखडा माझा आहे, तो भरून येईल. घड्याळ तुमचं आहे." किल्ली तिथून हलवून खाली चारच्या आकड्याजवळ आणली. आज आपल्या सगळ्या घड्याळांची ती ओळख आहे. माहितीपत्रकात तिच्याखाली "आमचा वारसा" असं छापतात. मी ते वाचते तेव्हा मला तुझ्या मनगटावरचा पांढरा वण दिसतो.

आता या वर्षाचं घड्याळ. ते पहिल्या ग्रांदिएंच्या घड्याळाचंच नवं रूप आहे, शताब्दीसाठी. बाहेरून तेच, आतून नवं. तुला माहीत आहे, पण एकदा लिहूनच टाकते: आत जे अर्धचंद्रासारखं वजन हाताच्या हालचालीबरोबर फिरतं आणि स्प्रिंगला आपोआप किल्ली देतं, ती रचना पूर्ण माझी आहे. माझी पहिलीच. तू हे कुणापुढे बोलून दाखवलं नाहीस, पण नोव्हेंबरात घड्याळ बांधताना पट्टा दोनदा सोडून पुन्हा लावलास. मी पाहिलं. तेव्हा मला वाटलं, भावना आवरतोयस. आता वाटतं, बोटांना बक्कल जमत नव्हतं.

मग ते बंद पडलं आणि तुझा फोन आला. "इंजिनीअरीणबाई, तुमचं पोर झोपलंय." दुसऱ्या वेळी म्हणालास, "माझ्या वेळची घड्याळं कुऱ्हाडीबरोबर चालायची. तुझी चमच्याबरोबरसुद्धा चालत नाहीत." मी विचारलं, "बाबा, तू चालतोस ना रोज?" तू भडकलास. "मी काय चुलीपाशी बसून असतो? गाई गेल्या तरी सकाळी डेअरीपर्यंत, संध्याकाळी डेअरीपर्यंत, कुत्रा दमतो पण मी नाही." ते खरंच आहे. आईनेही सांगितलं. एवढ्या चालण्यावर माझं घड्याळ भरून वाहायला हवं. म्हणून मी दोष घड्याळात शोधत राहिले. भिंगाखाली प्रत्येक दात पाहिला. तेल बदललं. वजनाचा आस बदलला. रात्री डोळे मिटले की ते वजन डोळ्यांपुढे हळूहळू फिरायचं आणि मध्येच थांबायचं, कुणीतरी दारात येऊन आत न येता उभं राहावं तसं.

तोपर्यंत डेअरीत सगळ्यांना कळलं होतं की एडगार या वर्षी "नाही" म्हणणार. इर्मामावशी तुला काय म्हणाली तेही माझ्यापर्यंत आलं. "एडगार, घड्याळाला कशाला बोल लावतोस? तुझ्याबरोबर राहून कुणाचंही काळीज बंद पडेल. नादीनलाच विचार." आई हसली म्हणे. आमचे मालक उगलेसाहेब मला रोज जिन्यात गाठतात आणि काही काम नसल्यासारखं विचारतात, "सोलेन, तुझ्या बाबांचा हात काय म्हणतो?" मी म्हणते, "अजून काही म्हणाला नाही." ते मान हलवतात. त्यांनाही माहीत आहे की तू "नाही" म्हणालास तर शताब्दीचं घड्याळ थांबेल आणि माझी रचना कपाटात जाईल. ते ती प्रथा मोडणार नाहीत. मोडावी असं मलाही वाटत नाही.

तुझं घड्याळ माझ्या हातावर व्यवस्थित चालायला लागलं, तेव्हा मला पहिल्यांदा आनंद झाला. हे लिहिणं मला सोपं नाही, पण क्रम असाच आहे. आधी आनंद झाला, की माझी रचना बरोबर आहे. मग दुसरं घड्याळ तुझ्या हातावर थांबलं, आणि मी हातातला चिमटा खाली ठेवला.

दुसऱ्या कुठल्या घरात बापाचा हात जड झाला असता, तर त्यांनी हाताकडे पाहिलं असतं. आपण घड्याळाकडे पाहिलं. तू तिकडे, मी इकडे, सगळा हिवाळा. ही चूक फक्त आपल्याच लोकांकडून होऊ शकते. कारण दिसत तर होतं. आई तुझ्या बाहीचं बटण लावते, आणि तुम्ही दोघं त्या वेळी खिडकीबाहेर बघता. चुलीवर दूध करपलं तेव्हा मी उंबऱ्यातूनच ओरडले आणि तू शेजारी बसून होतास, तुला वास आला नव्हता. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर तुझी अक्षरं ओळीच्या शेवटी मुंग्यांएवढी झाली होती. या सगळ्या गोष्टी मी पाहिल्या आणि वेगवेगळ्या खणांत ठेवल्या. घड्याळजी सुटे भाग ठेवतात तशा, एकाला दुसऱ्याचा धक्का लागू नये म्हणून.

परवा रविवारी ऊन होतं. पठारावर बर्फ अजून तसाच, कडेकडेने निळा पडलेला. बसच्या थांब्यावर तू म्हणालास, "पंचवीस तारखेला ये. तुझ्या पोराचा निकाल आहे." मी म्हटलं, "येते." बस वळली, मी मागे पाहिलं. तू शेतातून घराकडे चालला होतास, ऊन तुझ्या डाव्या अंगाला होतं, आणि मी चमकेची वाट बघत बसले. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं यायचं, ते पुसायचे, परत बघायचे. उजवा हात झुलत होता. कुत्रा पुढे पळत होता. डावा हात तुझ्या अंगाशी टांगलेला होता, दुसऱ्या कुणाचा तरी कोट सांभाळायला घेतल्यासारखा. तू लहान लहान होत गेलास आणि एकदाही चमकला नाहीस. बस जंगलात शिरली. मला क्षणभर असं वाटलं की तू घरी पोचलाच नाहीस, अजून त्या पांढऱ्या शेतात चालतोच आहेस, आणि आईला सूप कधी ठेवायचं ते कळत नाहीये.

काल सकाळी मी चाचणीच्या खोलीत गेले. तिथे ते यंत्र आहे, ज्याला पोरं "लोखंडी एडगार" म्हणतात. मी शाळेत असताना त्यांनी तुझ्या मनगटाला तारा लावून तुला चिखलाच्या बुटांसकट कारखान्याच्या लांब बोळातून चालवलं होतं, आठवतं? तू घरी येऊन म्हणालास, "आज मला बैल बाजारात चालवतात तसं चालवलं." तुझ्या हाताचा तो झोका त्यांनी लोखंडाला शिकवला. तो लोखंडी हात अजून तसाच झुलतो, जंगलातून घरी येतानाचा, सूप ठेवायच्या वेळचा. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते. त्याच्या मनगटावर बांधलेली माझी घड्याळं मजेत चालली होती. खोलीत दिवा होता आणि काचा चमकत होत्या. चमक. मग काही नाही. मग चमक. बाबा, तो अजून तुझ्यासारखा चालतो. तू चालत नाहीस.

याला काय म्हणतात ते मला साधारण माहीत आहे. पण ते नाव मी इथे लिहीत नाही. नाव ठेवणं माझं काम नाही आणि एका घड्याळावरून ते ठरतही नाही. मी चुकलेली असू शकते, आणि चुकलेली असले तर मला बरं वाटेल. पंचवीस एप्रिलला कुरणात तुला विचारतील. तुला "नाही" म्हणायचं असेल तर "नाही" म्हण. मी शेजारी उभी असेन आणि गप्प राहीन. माझ्या मनगटावर काय चाललं, लोखंडावर काय चाललं, हे कुणालाही सांगणार नाही. पुन्हा दुसरी रचना करीन, मला येते. तुझा हात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून माझं घड्याळ खरं ठरवायचं, हे माझ्याकडून होणार नाही. घड्याळाचं उत्तर तुझं आहे आणि ते तुझ्याकडेच राहील.

पण हे पत्र घड्याळासाठी लिहिलेलं नाही. सरोवराकाठच्या न्यूशातेल शहरात डॉ. शाप्वी म्हणून एक बाई आहेत, हात, चाल आणि नसा बघतात. त्यांच्याकडे मी तुझ्या नावाने मंगळवार, १४ एप्रिल, सकाळची वेळ घेऊन ठेवली आहे. गाडी मी आणीन. वाटेत बोलायची सक्ती नाही. हवं तर बर्फावर बोलू. बघून झाल्यावर सरोवराकाठी तळलेले मासे खाऊ आणि आईसाठी घेऊन येऊ. इतकी वर्षं सगळे तुला विचारत आले की हात काय म्हणतो, आणि या हिवाळ्यात तो खरोखर काहीतरी म्हणाला, तेव्हा आपण दोघं घड्याळ उघडून बसलो. शाळेत बाईंना जे मी एका दमात सांगितलं होतं, ते तुला सांगायला मला एवढे दिवस लागले. डॉ. शाप्वींच्या दवाखान्यात येतो की नाही हे आधी कळवावं लागतं. तेव्हा तू येणार की नाही, एवढंच, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, कितीही बारीक आलं तरी चालेल, पण आईकडून नको, गुरुवार, ९ एप्रिलपर्यंत मला कळव.

तुझीच,
सोलेन